मारुतीचे सुझुकी, व्हायोलिनचे सुझुकी आणि एक चुकीची वंशावळ

गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मजकूर माझ्यापर्यंत आला. त्यात म्हटलं आहे ते थोडक्यात असं: मारुती सुझुकी गाड्यांचे सुझुकी, लहान मुलांना व्हायोलिन शिकवणारे सुझुकी, झेन हा बौद्ध पंथ पश्चिमेला नेणारे सुझुकी, रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे सुझुकी, बेसबॉलचा इचिरो सुझुकी आणि जपानचे दोन पंतप्रधान, हे सगळे एकाच घराण्यातले. सुझुकी म्हणजे ‘घंटेचं झाड’, कारण यांचे पूर्वज देवळासमोरच्या झाडाला घंटा बांधत. 1875 पर्यंत सामान्य जपानी माणसाला आडनावच नव्हतं, म्हणून ज्यांच्याकडे ते होतं ते घराणं थोरच असणार. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘रक्तातच असावं लागतं!’

ते शेवटचं वाक्य नसतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण आडनावावरून माणसाची लायकी ठरवायची खोड आपल्याकडे आधीच पुरेशी आहे. तिला जपानचा खोटा दाखला मिळू नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, सगळे एकाच घराण्यातले. जपानमध्ये सातो या आडनावानंतर सर्वांत जास्त आढळणारं आडनाव सुझुकी आहे. ते लावणारे लोक सुमारे 18 लाख आहेत. गावोगावच्या कुलकर्ण्यांना कुणी एका आजोबांची नातवंडं म्हणत नाही, कारण दप्तर ठेवणारं घर प्रत्येक गावात होतं हे आपल्याला ठाऊक असतं. सुझुकींच्या बाबतीत ते ठाऊक नसतं, एवढाच फरक.

यादीतली माणसं कुठली ते पाहा. गाड्यांचे मिचिओ सुझुकी हमामात्सुजवळच्या शेतकरी घरातले. झेनचे डाइसेत्सु तेइतारो सुझुकी कानाझावाच्या एका वैद्याचे चिरंजीव. वडील लवकर गेल्यामुळे त्यांना शिक्षण मध्येच थांबवून शिक्षकाची नोकरी धरावी लागली होती. नोबेलवाले आकिरा सुझुकी पार उत्तरेला, होक्काइदोमधल्या मुकावाचे. इचिरो नागोयाजवळचा. पंतप्रधानांपैकी कान्तारो सुझुकी 1868 साली ओसाकाच्या बाजूला एका सामुराई घरात जन्मले, नौदलात ॲडमिरल झाले आणि 1945 च्या एप्रिलपासून शरणागतीपर्यंत पंतप्रधान होते. दुसरे झेन्को सुझुकी इवातेच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातले, 1980 ते 1982 या काळातले पंतप्रधान. या दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं. झेन्को यांचं खरं राजकीय नातं दुसऱ्याच आडनावाशी आहे: नंतर पंतप्रधान झालेले तारो आसो हे त्यांचे जावई.

झेनच्या बाबतीत तर मजकूर लिहिणाऱ्याने दोन माणसं एकत्र केली आहेत. डाइसेत्सु यांनी इंग्रजी पुस्तकं लिहून झेन पश्चिमेच्या वाचकांपर्यंत नेलं. सॅन फ्रान्सिस्कोत 1959 मध्ये येऊन अमेरिकन शिष्यांना पहाटे ध्यानाला बसवणारे शुन्र्यू सुझुकी हे वेगळे. डाइसेत्सु यांची साधना झेनच्या रिन्झाई परंपरेतली, शुन्र्यू झेनच्याच सोतो पंथाचे भिक्षू. सुझुकी नावाचे दोन झेन गुरू एकाच काळात अमेरिकेत माहीत झाल्यामुळे तिथल्या लोकांचाही गोंधळ व्हायचा, त्यामुळे या चुकीबद्दल मी कुणाला दोष देणार नाही.

आता गाड्यांचं घराणं, कारण ‘रक्त’ या शब्दाची तिथे खरी परीक्षा होते. मिचिओ सुझुकी यांनी सुतारकामाची उमेदवारी केली, आईसाठी हातमाग बनवला आणि 1909 मध्ये मागांचा कारखाना काढला. त्यांच्यानंतर कंपनीची सूत्रं शुन्झो सुझुकींकडे गेली. ते मिचिओंचे मुलगे नव्हते, जावई होते, आणि लग्नानंतर दत्तक घेतलेले होते. आपण ज्यांना ओळखतो ते ओसामु सुझुकीही असेच. त्यांचा जन्म 1930 साली गिफु प्रांतातल्या गेरोत झाला, ओसामु मात्सुदा या नावाने. बँकेत नोकरी करत होते. 1958 मध्ये शुन्झोंच्या मुलीशी, शोको यांच्याशी लग्न झालं, तेव्हा ते सुझुकी झाले. 1978 मध्ये अध्यक्ष झाले आणि 1982 मध्ये त्यांनी भारत सरकारशी करार केला. 1983 च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती गेली. भारताने ज्यांना 2007 मध्ये पद्मभूषण आणि मरणोत्तर पद्मविभूषण दिलं, ते सुझुकी जन्माने मात्सुदा होते.

या प्रथेला जपानीत ‘मुको-योशी’ म्हणतात. आपला घरजावई सासऱ्याच्या घरी राहिला तरी आडनाव स्वतःचंच ठेवतो. मुको-योशी मात्र सासऱ्याचा कायदेशीर मुलगा होतो. घरचा धंदा, दुकान, कधी देऊळसुद्धा, पोटच्या मुलाऐवजी लायक जावयाकडे सोपवण्याची ही जुनी रीत आहे. हमामात्सुच्या कारखान्यात मिचिओंचं रक्त पुढच्या पिढीत उतरलं ते मुलींकडून, आणि कारभार केला तो बाहेरून आलेल्या जावयांनी. त्या मजकुरात मुलींचा उल्लेखही नाही, हे मला विशेष खटकलं.

व्हायोलिनच्या बाबतीत मात्र घराण्याचा मुद्दा एका ठिकाणी बरोबर आहे. शिनिची सुझुकींचे वडील मासाकिची नागोयात आधी शामिसेन हे तंतुवाद्य बनवत आणि पुढे त्यांनीच व्हायोलिनचा कारखाना उभारला. तो कारखाना आणि ही शिक्षणपद्धती यांचं नातं खरंच बाप-लेकाचं. पण शिनिची यांचं म्हणणं काय होतं? कारखान्यात शेकडो व्हायोलिनं तयार होत असताना या मुलाने लहानपणी ते वाद्य शिकलं नव्हतं. सतराव्या वर्षाच्या आसपास तो स्वतःच्या मनाने वाजवू लागला, पुढे 1920 च्या दशकात बर्लिनला व्हायोलिनवादक कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकला. परत आल्यावर त्यांच्या मनाने एक साधी गोष्ट घेतली. जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं, तेही अस्खलित. म्हणजे इतकी अवघड गोष्ट शिकायची ताकद प्रत्येक मुलात आहे, फक्त घरात ती भाषा सतत कानावर पडायला हवी. याला त्यांनी मातृभाषेची पद्धत म्हटलं. महायुद्धानंतर, 1946 मध्ये, त्यांनी मात्सुमोतो गावात याच विचारावर शिकवायला सुरुवात केली. मुलाने रोज ऐकायचं, आईने किंवा वडिलांनी आधी थोडं वाजवायला शिकायचं आणि मग मुलाच्या शेजारी बसायचं. प्रतिभा जन्मजात नसते, हे सांगण्यात या माणसाने आयुष्यातली पन्नास वर्षं घातली. त्यांचंच नाव ‘रक्तातच असावं लागतं’ या वाक्याच्या वर छापलेलं पाहून मला वाईट वाटलं.

आकिरा सुझुकींच्या यशाचा माग घ्यायचा तर तोही घराण्याकडे जात नाही, एका प्रयोगशाळेकडे जातो. 1963 ते 1965 या काळात ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे होते आणि बोरॉनची रसायनं तिथे शिकले. 1979 मध्ये ब्राउन यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी सुझुकी व त्यांचे सहकारी नोरिओ मियाउरा यांनी ती अभिक्रिया प्रसिद्ध केली जी आज औषधं आणि टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांवरचे प्रकाशमान पदार्थ बनवताना वापरतात. 2010 चं नोबेल त्यांना एइइची नेगिशी आणि रिचर्ड हेक यांच्याबरोबर विभागून मिळालं. नेगिशी हेही ब्राउन यांचेच शिष्य.

दुसरा मुद्दा, घंटेचं झाड. लिहिण्याची चिन्हं ‘घंटा’ आणि ‘झाड’ अशीच आहेत हे खरं, पण ती उच्चारासाठी नंतर जोडलेली आहेत. नावाचं मूळ सांगतात ते जपानच्या किई द्वीपकल्पातल्या कुमानो भागातलं. कापलेल्या भाताच्या पेंढ्या मधे खांब रोवून रचत, आपल्या कोकणात उडवी रचतात तशा, आणि त्या राशीला तिकडे सुझुकी म्हणत. धान्याचा देव त्या खांबावर उतरतो अशी श्रद्धा होती. कुमानोच्या देवस्थानांचे सेवेकरी देशभर यात्रेकरू गोळा करत फिरले आणि त्यांच्याबरोबर हे नाव पूर्वेकडे पसरलं. मूळ घर आजच्या वाकायामा प्रांतातल्या कैनान शहरात, फुजिशिरो देवळाशेजारी होतं. त्या मुख्य घराचा वंश 1942 मध्ये खुंटला. म्हणजे ज्याला खरोखर ‘सुझुकी घराणं’ म्हणावं ते संपलं तेव्हा ओसामु मात्सुदा बारा वर्षांचे होते.

तिसरा मुद्दा, 1875. त्या वर्षी आडनाव लावणं सक्तीचं झालं, हे बरोबर. त्याआधी 1870 मध्ये सामान्यांना तशी परवानगी मिळाली होती. पण परवानगी लागत होती ती सरकारदरबारी, उघडपणे आडनाव लावायला. 1868 पूर्वीच्या एदो काळात तो मान सामुराईंचा आणि खास बक्षीस म्हणून दिला गेलेल्या थोड्यांचा. घरगुती व्यवहारात कित्येक शेतकऱ्यांकडे आडनावं होती. देवळांच्या देणगीयाद्यांत आणि थडग्यांवर ती सापडतात. 1872 ची कुटुंबनोंदणी आणि 1873 ची सक्तीची लष्करभरती यांसाठी सरकारला माणसं नीट मोजायची होती, म्हणून सक्ती आली. तेव्हा कुणी जुनं घरगुती नाव पुढे आणलं, कुणी नवं घेतलं. त्यामुळे 1875 आधीचं नाव हा थोरपणाचा पुरावा ठरत नाही.

राहिला इचिरो. 1994 मध्ये त्याच्या ओरिक्स संघाचे व्यवस्थापक आकिरा ओगी यांनी त्याच्या नोंदणीतून आडनावच काढलं, कारण सुझुकी नावाचा खेळाडू कुणाच्या लक्षात राहणार? त्या मोसमात त्याने 210 हिट मारले, जपानी लीगमध्ये एका मोसमात दोनशेच्या पुढे जाणारा तो पहिला. पुढे अमेरिकेतल्या सिएटल संघाच्या जर्सीवरही पाठीवर ‘इचिरो’ एवढंच होतं.