भाड्याचा डीव्हीआर की स्वतःचा: एका तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या दुकानाला रिव्ह्यूमध्ये तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर, दोन्ही वाचलं. तक्रारी थोडक्यात अशा: आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्र साठवून ठेवणारं मशीन) आमच्याकडून तीन वर्षं भाड्याने घेतला, तेवढ्या पैशांत नवा विकत आला असता. रेकॉर्डिंग अकरा-बारा दिवसांपलीकडे मागे जायचं नाही. आणि भाडं बंद करून स्वतःचं मशीन घेतल्यावर आम्ही आमचं उचललं, त्याबरोबर तुमचं फुटेजही गेलं. शेवटी "भाड्याच्या नावाखाली लूट" असं लिहिलंत. फोनवर बोलता आलं असतं, पण हेच प्रश्न काउंटरवर रोज येतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

भाड्याची बेरीज तुम्ही बरोबर केली आहे. आमच्या दराने दुसरं वर्ष निम्मं सरलं की भाडं मशीनच्या किमतीला गाठतं. दरपत्रकावर विक्रीचा आणि भाड्याचा आकडा शेजारीशेजारी छापलेला असतो तो याचसाठी. जागा कायमची असेल, वायरिंग पक्कं असेल आणि महिन्यातून एकदा मशीनकडे बघणारा माणूस घरात किंवा दुकानात असेल, तर विकतच घ्या. हे माझ्याच धंद्याच्या मुळावर येणारं आहे, तरी सांगतो. भाडं परवडतं ते बांधकामाच्या साइटला, चार दिवसांच्या प्रदर्शनाला, अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या जागेला. किंवा ज्याला मशीनकडे ढुंकूनही बघायचं नाही अशाला. तुम्ही घेताना या शेवटच्या गटात होतात. "मला त्यातलं काही कळत नाही, चालू राहिलं पाहिजे" हे तुमचेच शब्द.

आता हिशेबातून काय सुटलं ते बघू. तुम्ही भाड्यासमोर ठेवलीत ती नुसत्या डब्याची किंमत. डीव्हीआर बहुतेक वेळा हार्ड डिस्कशिवाय विकला जातो, रेकॉर्डिंग जिच्यावर साठतं ती डिस्क वेगळी घ्यावी लागते. आणि या सगळ्या जुळणीत आधी मरते ती डिस्कच. डब्यातल्या बोर्डाला फारसं काही होत नाही. डिस्क मात्र रात्रंदिवस फिरत आणि लिहीत असते, त्यात मशीन हमखास ठेवलेलं असतं माळ्यावर नाहीतर बंद कपाटात, जिथे हवा खेळत नाही. तुमचंही जिन्याखालच्या कपाटात होतं, वर जुन्या वह्यांचा गठ्ठा.

डिस्क मेल्याचं कळत नाही, ही खरी मेख आहे. मॉनिटरवर आठही चौकोन नेहमीसारखे दिसत राहतात, कारण थेट चित्र दाखवायला डिस्क लागतच नाही. मोबाइलवरही सगळं चालू दिसतं. मशीन बीप-बीप करून सांगायचा प्रयत्न करतं, पण त्या आवाजाने डोकं उठतं म्हणून कुणीतरी मेनूत जाऊन बझर बंद करून टाकतं. मग चोरी होते, लोक रेकॉर्डिंग उघडतात आणि चार महिन्यांपूर्वीच्या एका तारखेनंतर सगळं कोरं. स्वतःचा डीव्हीआर असलेली माणसं डोक्याला हात लावून आमच्याकडे येतात ती बहुतेक याच कारणाने.

दुसऱ्या वर्षी तुमच्या मशीनची डिस्क अशीच गेली होती. डिस्कची तब्येत आम्ही इथे बसून बघतो, म्हणून तुमचा फोन येण्याआधी आमचा माणूस नवी डिस्क घेऊन हजर झाला. त्या डिस्कचे आणि त्या फेरीचे पैसे तुम्ही दिले नाहीत, ते भाड्यातच होते. तुमच्या बेरजेत ही ओळ नाही. ती धरली तरी तीन वर्षांचं भाडं विकतच्या खर्चापेक्षा जास्तच भरेल, हेही खरं. पण फरक तुम्ही लिहिलाय तेवढा उरत नाही.

इथे एक गोष्ट तुमच्या नव्या मशीनसाठी. "साधी कॉम्प्युटरची डिस्क घातली, स्वस्तात काम झालं" असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. आकडे बघा. आठ कॅमेरे, फुल एचडी, एच.२६५ वर (चित्र दाबून कमी जागेत बसवायची नवी पद्धत) प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी होतात. आठांचे १७२.८ जीबी. वर्षाला ६३ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी). घरगुती कॉम्प्युटरच्या डिस्कवर कंपन्या साधारण ५५ टीबी वार्षिक कामाचा भार धरतात, सर्व्हिलन्सच्या, म्हणजे कॅमेऱ्यांसाठीच बनवलेल्या डिस्कवर १८० टीबी. म्हणजे तुमची साधी डिस्क पहिल्याच वर्षी तिच्या नेमून दिलेल्या कामाच्या पुढे जाणार. उद्याच बंद पडेल असं नाही, पण तिच्या भरवशावर निर्धास्त राहू नका.

अकरा-बारा दिवसांच्या रेकॉर्डिंगचं गणितही यातच आलं. तुमच्या मशीनमध्ये २ टीबीची डिस्क होती. २००० ला १७२.८ ने भागा, साडेअकरा दिवस येतात. डिस्क भरली की मशीन सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितं. मशीन भाड्याचं आहे की मालकीचं, हे डिस्कला ठाऊक नसतं. जुन्या एच.२६४ वर तेवढ्याच प्रतीच्या चित्राला जवळपास दुप्पट जागा लागते, तिथे सहा दिवसही निघाले नसते. करार करताना ४ टीबीचा पर्याय समोर ठेवला होता, भाडं थोडं जास्त पडत होतं म्हणून तुम्ही नको म्हणालात.

नव्या दुकानदाराने "महिन्याभराचं रेकॉर्डिंग" कबूल केलंय म्हणता. याच प्रतीचं, सलग तीस दिवसांचं हवं तर ५ टीबीच्या वर जागा लागते, म्हणजे बाजारात मिळणारी ६ टीबीची डिस्क. ती नसेल तर दोनच शक्यता: रेकॉर्डिंग फक्त हालचाल झाल्यावर सुरू होतंय, नाहीतर चित्राची प्रत खाली आणली आहे. दोन्ही चालण्यासारखं आहे, फक्त तुम्हाला माहीत असावं. रात्रीचं एखादं फुटेज उघडा आणि दाराशी आलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो का बघा. गाडीचा नंबर वाचता येतो का तेही.

आता फुटेज नेल्याचा आरोप. यावर मी हटणार नाही. मशीन परत घेताना आमचा मुलगा फॉर्मवर विचारतो, बॅकअप हवा का. तुमच्या फॉर्मवर "नको" वर खूण आणि खाली तुमची सही आहे. त्यानंतर डिस्क आम्ही पूर्ण पुसतो. नुसती फॉरमॅट करत नाही, कारण फॉरमॅट केलेल्या डिस्कवरचं जाणकार माणूस परत काढू शकतो. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तिच्यावर शून्यं लिहितो, मोठी डिस्क असेल तर रात्रभर ते काम चालतं. तुमच्या घरात कोण कधी येतं-जातं हे तेच मशीन पुढे भाड्याने घेणाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ही उठाठेव. म्हणून ते फुटेज आता मागून मिळणार नाही, आणि तसंच असायला हवं. उलट मालकीचे जुने डीव्हीआर लोक डिस्कसकट भंगारात देतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

स्वतःचं मशीन घेतलंत ते चांगलंच केलंत, फक्त आमच्याकडची काही कामं आता तुमच्याकडे आली आहेत. पासवर्ड कारखान्यातून आलेला असेल तर आजच बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (चोरून ताब्यात घेतलेल्या मशीनांची फौज) असेच डीफॉल्ट पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच फौजेच्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या साइट कित्येक तास अडकल्या होत्या, आणि ज्यांच्या घरातून हल्ला होत होता त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून मशीनपर्यंत यायची वाट, उघडून ठेवला असेल तर बंद करून घ्या. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) कोण अपडेट करणार, हे विकणाऱ्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर "तुम्ही" असतं.

घड्याळही तपासा. आतला नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे पडते, आणि चुकीच्या वेळेचं फुटेज पुरावा म्हणून दाखवताना तोंडावर पडायला होतं. बॅकअप घेताना पेन ड्राइव्ह बहुतेक मशीनला एफएटी३२ या प्रकारात फॉरमॅट केलेला लागतो. पुढेमागे कॅमेरे बदलून आयपी (नेटवर्कवर चालणारे) घ्यायचे ठरवलेत, तर हा डीव्हीआर त्यांना चालेलच असं नाही, त्यांच्यासाठीचं एनव्हीआर हे वेगळं मशीन लागू शकतं. भाड्यात ती बदलाबदल आमची डोकेदुखी होती, आता तुमची.

तारा बदला असं मी म्हणणार नाही. "लूट" हा शब्द मात्र करारातली सर्व्हिसची पानं पुन्हा वाचून ठेवायचा की काढायचा ते ठरवा.

डिपॉझिट पूर्ण परत केलं आहे, पावती तुमच्या मोबाइलवर पाठवलेली आहे. परत आलेल्या खोक्यात एक माउस निघाला, तो आमचा नाही. काउंटरवर ठेवलाय, दुकान चालू असेल तेव्हा केव्हाही घेऊन जा.