थंडीत साखरलेला मध आणि व्हॉट्सॲपवरच्या पाच परीक्षा

थंडी पडली की धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर मधाचा एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: अस्सल मध कधीच गोठत नाही, तळाला साखर बसली की भेसळ समजा. अस्सल मध पाण्यात सरळ तळाला जातो, त्यात बुडवलेली वात पेटते, त्याला मुंगी लागत नाही, कुत्रा तोंड लावत नाही. माश्या पाळायच्या पेटीतला मध म्हणजे साखरेचा पाक, खरा मध जंगलातलाच. गरम पाण्यात घातला की तो विष होतो. आणि मध कधी बिघडतच नाही, म्हणून तान्ह्या बाळालाही चाटवा.

या मेसेजमुळे जानेवारीत प्रामाणिक मधपाळाच्या बाटल्या परत येतात आणि भेसळवाल्याचा माल बिनबोभाट खपतो. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘अस्सल मध गोठत नाही’

मधात १७ ते २० टक्के पाणी असतं, बाकी बहुतेक साखराच: फ्रुक्टोज ३८ टक्क्यांच्या आसपास, ग्लुकोज ३१ च्या आसपास. फ्रुक्टोज एवढ्या पाण्यात आरामात विरघळून राहतं, ग्लुकोजला मात्र हे पाणी पुरत नाही. म्हणजे पोळ्यातून काढला तेव्हापासूनच मधात मावेल त्याहून जास्त ग्लुकोज असतं. परागाचा कण, मेणाची कणी, हवेचा बुडबुडा असं काहीही मिळालं की त्याभोवती स्फटिक धरतो, आणि एक धरला की बाकीचे भराभर धरतात. १४ अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात वेगानं होतं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला रात्रीचा पारा १० च्या खाली जातो आणि दुपारी पुन्हा चढतो. म्हणजे दिवसातले कितीतरी तास बाटली नेमकी या पट्ट्यात असते. तुपाला रवा धरतो तेव्हा कुणी त्याला भेसळ म्हणत नाही. मधावरच तेवढा संशय का, कोण जाणे.

कोणता मध किती लवकर साखरेल हे फुलावर ठरतं. खानदेशात कपाशी भरपूर. कपाशीच्या फुलाबाहेरही, पानांच्या शिरांवर मधुग्रंथी असतात आणि माश्या तिथूनही रस नेतात. हा मध फिका आणि झटपट साखरणारा. सूर्यफुलाचं तेच. हिवाळ्यात पेट्या राजस्थानात मोहरीवर नेल्या तर तो मध काही आठवड्यांत लोण्यासारखा घट्ट होतो. उलट ज्यात फ्रुक्टोज जास्त तो मध वर्षभर पातळ राहतो. काश्मीरचा ‘अकेशिया’ मध यातलाच. नाव तसलं असलं तरी तो आपल्या बाभळीचा नव्हे. म्हणजे न साखरणारा मधही अस्सल असू शकतो आणि साखरणाराही. साखरण्यावरून भेसळ कळत नाही.

मग दुकानातली बाटली डिसेंबरातही काचेसारखी स्वच्छ कशी? बहुतेक वेळा मध ६०-७० अंशांपर्यंत तापवून स्फटिकांची बीजं विरघळवलेली असतात आणि दाबानं बारीक गाळून परागकण काढून टाकलेले असतात. दुसरी वाट भेसळीची: साखरणारच नाही असा तयार पाक निवडून मिसळायचा. ‘न गोठणारा तोच खरा’ अशी गिऱ्हाईकाची समजूत असेल तर भेसळवाल्याला आणखी काय हवं?

साखरलेल्या मधाची एक खरी अडचण आहे, ती मात्र मेसेजमध्ये नाही. ग्लुकोजचा स्फटिक आपल्याबरोबर जेमतेम ९ टक्के पाणी घेतो. उरलेलं पाणी वरच्या पातळ थरात जमतं. मूळ मध १९-२० टक्क्यांचा असेल तर तो थर यीस्टला पोसण्याइतका पाणचट होतो आणि मध आंबतो: वर फेस, झाकण उघडताना फुस्स आवाज, आंबूस वास. अर्धवट साखरलेली बाटली महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका. चमच्याने तळापासून ढवळून वापरा किंवा वितळवा.

वितळवण्यासाठी काचेची बाटली, झाकण सैल करून, हात बुडवून सहज धरवेल इतक्या (४० ते ४५ अंश) पाण्यात ठेवा. पाणी निवलं की बदला, मधूनमधून ढवळा. किलोभर मधाला दोन-तीन तास लागतात. गॅसवर थेट किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर कडेचा मध करपतो आणि मधला गोळा तसाच राहतो. वितळलेला मध पुढच्या थंडीत पुन्हा साखरेल. साखरलेलाच पोळीला लावून खाल्ला तरी काही बिघडत नाही.

‘पाण्यात तळाला जातो, वात पेटते’

या दोन परीक्षा केवळ मेसेजमधल्या नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या घरगुती तपासणीच्या ‘डार्ट’ पुस्तिकेतही त्या आहेत. त्यांनी पकडली जाते ती पाणी मिसळण्याची किंवा पातळ गुळवणीची भेसळ. आजच्या भेसळीपुढे त्या चालत नाहीत. मधाची घनता पाण्याच्या साधारण १.४ पट, ८० टक्क्यांचा साखरेचा दाट पाकही तेवढाच जड. दोघेही तळालाच जाणार.

वातीची परीक्षा साखरेची नाहीच, पाण्याची आहे. वात चरचरली तर मधात ओलावा जास्त, एवढंच कळतं. सातपुड्यातल्या आग्या माशीच्या मधात ओलावा सहज २० टक्क्यांच्या वर जातो. तो अस्सल असूनही या परीक्षेत नापास, आणि कारखान्यातला कोरडा पाक पास. अंगठ्यावर थेंब पसरतो का, कागद ओला होतो का, याही ओलाव्याच्याच परीक्षा. आयोडीन टाकून निळा रंग येतो का पाहणं फक्त कच्च्या स्टार्चपुरतं खरं. तांदळाच्या पाकात स्टार्च आधीच फोडून साखर झालेलं असतं.

प्रयोगशाळेतही हे काम सोपं नाही. ऊस आणि मका यांच्या साखरेतल्या कार्बनची ठेवण बहुतेक फुलांच्या रसापेक्षा वेगळी असते, त्यामुळे ती भेसळ समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) चाचणीत सापडते. तांदूळ आणि बीट यांच्या कार्बनची ठेवण मात्र त्या फुलांसारखीच; त्यांचा पाक ही चाचणी चुकवून जातो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेनं १३ ब्रँड तपासले. एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) या महागड्या यंत्रावरच्या चाचणीत त्यातले १० नापास झाले. संस्थेनं शुद्ध मधात मुद्दाम निम्म्यापर्यंत पाक मिसळून पाहिला, तो नमुना भारतीय मानकांच्या चाचण्यांत पास झाला. जिथं महागडी यंत्रं फसतात तिथं काडेपेटी काय सांगणार?

मुंगी आणि कुत्रा

मधपाळ पेटीच्या स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. कशासाठी? मुंग्यांसाठी. मुंग्यांनी चाल केली तर दुबळी वसाहत पेटी सोडून जाते. दाट मधात मुंगी चिकटते म्हणून कधी कडेनं फिरते, इतकंच. कुत्र्याबद्दल काय बोलावं, त्याची इच्छा.

‘पेटीतला मध म्हणजे पाक’

माश्यांना पाक देतात हे खरं आहे, कधी देतात ते पाहायला हवं. खानदेशात वैशाखातल्या ४४-४५ अंशांत आणि नंतर झडीच्या पावसात फुलोरा तुटतो. तेव्हा वसाहत जगवायला १ किलो साखर १ लिटर पाण्यात विरघळवून, संध्याकाळी, पेटीच्या आत देतात. दिवसा उघड्यावर दिला तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात आणि मारामारीत दुबळी वसाहत संपते. माश्या हा पाक खालच्या पिल्लांच्या कोठीत साठवून खातात. फुलोरा सुरू होण्याआधी पाक बंद करायचा, आणि वरची मधाची कोठी चढवायची ती त्यानंतरच. कोठी चढवलेली असताना पाक चालू ठेवणारेही आहेत. तो मध भेसळीचाच, पण ती त्या माणसाची लबाडी, पेटीची नव्हे. शिवाय ती उसाची साखर असल्यानं समस्थानिकांच्या चाचणीत सापडते.

पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीतली किमान तीन चतुर्थांश घरं माश्यांनी मेणानं बंद केली असतील तरच ती चौकट मध काढायच्या यंत्रात घालायची. उघड्या घरातला रस अजून पाणीदार असतो. घाईनं काढला की बाटलीत आंबतो. भारतीय मानकात ओलाव्याची मर्यादा २० टक्के आहे.

आता ‘जंगलातला’. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ, यावल, पाल या भागांत आग्याची मोहळं उंच फांद्यांना आणि कड्यांना लागतात. पोळं एकच, मोठं. मध वरच्या जाड भागात, फांदीला लागून, आणि पिल्लं खाली. मशालीनं माश्या जाळून सबंध पोळं पिळलं तर मधात पिल्लांचा रस, पराग आणि धुराचा वास उतरतो; पाणी वाढून तो महिन्या-दोन महिन्यांत फसफसतो. ओल्या पाल्याचा धूर देऊन, फक्त मधाचा माथा कापून, पिल्लांचा भाग फांदीवर ठेवला आणि मध न पिळता कापडातून निथळू दिला तर तोच मध उत्तम. म्हणजे जंगल की पेटी यापेक्षा काढण्याची रीत महत्त्वाची. रस्त्याकडेला बादलीत पोळ्याचा तुकडा तरंगत ठेवून विकतात त्यात खाली गुळाचा पाक असू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

‘गरम पाण्यात विष’

मध तापवू नये असं आयुर्वेद सांगतो, आणि न तापवण्याला रसायनशास्त्रातही कारण आहे: उष्णतेनं एचएमएफ नावाचं संयुग वाढतं आणि विकरं (एन्झाइम) मरतात. पण कोमट पाण्यात ढवळून पाच मिनिटांत पिऊन टाकलेल्या मधात ते नगण्य वाढतं. खरी वाढ साठवणीत होते. किलोमागे ३० मिलिग्रॅम एचएमएफ व्हायला ३० अंशांवर १०० ते ३०० दिवस लागतात, ४० अंशांवर २० ते ५० दिवस, ५० अंशांवर ५ ते ९ दिवस. भारतीय मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम. भुसावळच्या पत्र्याच्या गोदामात मे महिनाभर पडलेल्या बाटलीची काळजी करा, सकाळच्या पेल्याची नको. असा जुना, तापलेला मध माश्यांना मात्र खरोखर घातक असतो. तो त्यांना खाऊ घालू नये.

विकत घेताना मध कोणत्या महिन्यात, कोणत्या गावशिवारात, कोणत्या पिकावर काढला ते विचारा. मधपाळाला हे सांगता येतं. त्याच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असेल तर थेंब टाकून ओलावा समोर पाहता येतो. जानेवारीत ‘हा कपाशीचा’ म्हणून दिलेली बाटली साखरली, तर ते त्याच्या बोलण्याशी जुळतंच.

‘तान्ह्या बाळाला चाटवा’

सगळ्या मेसेजमधलं हे वाक्य धोक्याचं आहे, आणि बाळाच्या जिभेला मध लावण्याची रीत आपल्याकडे असल्यानं ते पटकन पटतं. मध अस्सल असो वा नसो, त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथंच विष तयार करतात. मध उकळूनही ते मरत नाहीत. त्यामुळे पहिला वाढदिवस होईपर्यंत बोटाला लावूनसुद्धा मध नको, गुटीतही नको. चाटवला गेलाच असेल आणि बाळाला शी होईनाशी झाली, रडणं क्षीण झालं, दूध ओढता येईना, पापण्या जड झाल्या किंवा मान लुळी पडली, तर लगेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता मध चाटवल्याचं त्यांना सांगा.