ताईत, लँकेस्टर आणि ‘हाय फ्लाइट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांच्या क्रूचे ताईत आणि वैमानिकांच्या कविता यांवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. नॅव्हिगेशनची (विमानाचा मार्ग काढण्याची) आकडेमोड करणारी शिकलेली मुलं शुभ म्हणून खिशात सशाचा पाय बाळगत, ही निव्वळ अंधश्रद्धा आणि लेखात तिचं कौतुक झालं, हा पहिला. तरुण लढाऊ वैमानिक जॉन मॅगीच्या ‘हाय फ्लाइट’ या कवितेत युद्ध औषधालाही नाही, मग ती या लेखात कशाला, हा दुसरा.

आधी गणित. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेकडून, म्हणजे बॉम्बर कमांडकडून, दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२५,००० जण उडाले. अपघात धरून त्यातले ५५,५७३ मरण पावले. विश्रांती मिळण्याआधीच्या एका पाळीत ३० मोहिमा. दर मोहिमेत शंभरातली ४ विमानं परतत नाहीत असं धरलं, तर ०.९६ चा तिसावा घात येतो ०.२९. म्हणजे शंभरातले २९ जण पाळी पूर्ण करणार. नुकसान २ टक्क्यांवर आलं तरी ५५च. ताईत बाळगणाऱ्यांना हे गणित येत नव्हतं असं समजू नका.

कौशल्याचा उपयोग होताच, पण धोका दिसला तर. शत्रूचं विमान दिसलं की गनर (बंदूक चालवणारा) ओरडायचा आणि पायलट लँकेस्टर, म्हणजे सात जणांचं बॉम्बफेकी विमान, कॉर्कस्क्रूमध्ये घालायचा : एका बाजूला वळत खाली सूर मारायचा, मग दिशा बदलून वर चढायचं, पुन्हा तेच. १९४३ पासून मात्र जर्मन रात्र-लढाऊ विमानांत वरच्या बाजूला तिरक्या रोखलेल्या तोफा आल्या. ती विमानं खालून यायची, पंखातल्या इंधनटाक्यांवर नेम धरायची आणि ट्रेसर (उजेडाची रेघ सोडत जाणाऱ्या गोळ्या) वापरायची नाहीत. बहुतेक लँकेस्टरना पोटाखाली बंदूकच नव्हती. अशा वेळी सातही जणांचं प्रशिक्षण कामाला येत नाही. जिथे हातात काही उरत नाही, तिथेच ताईत येतो. त्याला भोळसटपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय काही ‘तोडग्यां’ना व्यवहाराचा पाया होता. उड्डाणाआधी शेपटीच्या चाकावर लघवी करायची प्रथा घ्या. विमानातलं केमिकल टॉयलेट मागे, शेपटीकडे. वीस हजार फुटांवर तिथे जायचं तर काळोखात, जाड कपड्यांत, हातात सुटी ऑक्सिजनची बाटली घेऊन. आणि बर्लिनची फेरी सात-आठ तासांची. निघण्यापूर्वी खिसे रिकामे करावे लागत, कारण पत्र किंवा बसचं तिकीट पकडलेल्या माणसाचा हवाई तळ सांगून जातं. सशाच्या पायातून शत्रूला काय कळणार? धोका वेगळाच होता : ताईत विसरला की माणूस बिथरायचा, आणि बिथरलेला गनर म्हणजे सगळ्या क्रूचंच संकट.

आता मॅगी. कवितेत शत्रू नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. तेव्हा तो वेल्समध्ये स्पिटफायर या लढाऊ विमानाचं प्रशिक्षण घेत होता. सप्टेंबर १९४१ मध्ये आईवडिलांना पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की कविता ३०,००० फुटांवर सुरू झाली आणि उतरल्यावर लगेच पूर्ण झाली. त्या उंचीवर हवेचा दाब न राखणाऱ्या कॉकपिटमध्ये, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून बसलेल्या मुलाला असा आनंद व्हावा, यामुळेच ती मला महत्त्वाची वाटते. ११ डिसेंबर १९४१ ला इंग्लंडमधल्या लिंकनशरवर हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊन तो गेला. वय १९. ती टक्करही ब्रिटिश प्रशिक्षण विमानाशीच. अशा मरणांना वगळून युद्धातल्या वैमानिकांबद्दल लिहिता येत नाही.

थेट मरणाबद्दलची कविता हवी असेल तर इंग्रज कवी जॉन पडनीची ‘फॉर जॉनी’ वाचा, तीही १९४१ ची. बारा छोट्या ओळी. ती मेलेल्या वैमानिकाचे गोडवे गात बसत नाही. मागे राहिलेल्यांना सांगते की डोकं ठिकाणावर ठेवा आणि त्याची पोरं उपाशी राहणार नाहीत एवढं पाहा.