चालत्या मशिनला हात लावताय, तर परतीची वाट आधी ठेवा की राव!

काल सकाळी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा सुरू, रव्यांच्या (गुळाच्या ढेपांच्या) थप्प्या लागलेल्या, तोलाईदार काट्याजवळ उभा, आणि एका अडत दुकानात काट्याचं वजन कॉम्प्युटरवर यायचंच बंद झालं. का? तर पावतीचा नवा प्रिंटर बसवायला माणूस आला होता! प्रिंटर एक, त्याला लागणारा ड्रायव्हर एक (ड्रायव्हर म्हणजे जोडलेली वस्तू विंडोजला चालवता यावी म्हणून टाकायचं छोटं सॉफ्टवेअर). ह्या माणसानं पेन ड्राइव्हमधनं 'सगळे ड्रायव्हर एकात' वालं पॅक काढलं आणि थेट 'अपडेट ऑल' दाबलं. ऑल! साउंडचा, ग्राफिक्सचा, नेटवर्कचा, आणि काट्याच्या केबलचासुद्धा. कशापायी? काट्याची तक्रार कुणी केली होती?

त्या केबलचं ऐका, कारण असल्या केबली यार्डापासून गुजरीपर्यंत आणि उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत जागोजागी आहेत. काट्याच्या मागं ९ पिनांचं सिरियल पोर्ट (जुन्या पद्धतीचं जोडणीचं तोंड), पुढं यूएसबीत बदलणारी केबल, आणि केबलीच्या आत हे बदलायचं काम करणारी पीएल-२३०३ ची जुन्या पिढीतली एचएक्सए चिप. जुन्या ड्रायव्हरवर ती बिनतक्रार चालते. नवा ड्रायव्हर टाकला की तो आधी चिपची पिढी ओळखतो आणि काम नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, पिवळा त्रिकोण, कोड १० (डिव्हाइस सुरूच होत नाही). नाहीतर डिव्हाइसच्या नावातच 'फेज्ड आउट सिन्स २०१२, सप्लायरला विचारा' असं इंग्रजीत येतं. म्हणजे केबल धडधाकट, चिप धडधाकट, काटा धडधाकट. फक्त ड्रायव्हर चुकीचा.

ह्यावर उपाय एका बटणाचा होता. डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर', की आधीचा ड्रायव्हर परत. बटण तेव्हा जिवंत होतं! पण ह्यानं काय केलं? डिव्हाइस अनइन्स्टॉल केलं, केबल उपसली आणि मागच्या दुसऱ्या पोर्टात खुपसली. एका झटक्यात दोन घाण. एक, डिव्हाइस नव्यानं नोंदलं गेलं, आधीच्या ड्रायव्हरची नोंद त्याच्यापाशी राहिली नाही, आणि रोल बॅकचं बटण करडं पडलं. दोन, ह्या केबलींना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळं पोर्ट बदललं की विंडोज तिला नवी केबल समजतं. विंडोज अशा प्रत्येक पोर्टाला एक कॉम नंबर देतं; कॉम ३ चं झालं कॉम ७. बिलाचं सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ वरच वाट बघत बसलेलं. आता ड्रायव्हर बरोबर बसवला तरी वजन येणार नाही!

आणि मग ह्या माणसाचा निकाल काय? "केबल गेली, नवीन घ्या. नाहीतर फॉरमॅट मारूया." फॉरमॅट! ऐन सौद्यात! शेतकरी रात्री गाडी भरून आणतो, त्याचा माल काट्यावर खोळंबलाय आणि ह्यांना फॉरमॅट सुचतंय! रोगाचं नाव माहीत नाही आणि हातात आधीच सुरी.

अरे, जुना ड्रायव्हर मशिनमध्येच पडलेला असतो, विंडोजच्या ड्रायव्हर साठवायच्या जागेत, ड्रायव्हर स्टोअरमध्ये. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. यादीत एकाच नावाच्या दोन-तीन ओळी दिसतात, त्यांच्यापुढच्या आवृत्त्या वाचायच्या. ३.३.११.१५२ किंवा त्याच्या आसपासची जुनी निवडायची. त्रिकोण गेला पाहिजे. मग पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, कॉम नंबर परत ३. तिथं 'इन यूज' दिसलं तर घाबरायचं नाही. व्ह्यू मेनूतनं 'शो हिडन डिव्हायसेस' करायचं, जुन्या केबलची करडी नोंद काढून टाकायची, नंबर मोकळा. पोर्टाचा वेग (बॉड रेट) काट्याच्या सेटिंगशी जुळवायचा, बहुतेक ठिकाणी ९६०० असतो. चहा यायच्या आत होणारं काम आहे हे. त्यासाठी सकाळ घालवली!

बरं, हे सगळं टाळायला किती कष्ट होते? ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडा. डी ड्राइव्हवर 'ड्रायव्हर' नावाचं फोल्डर करा. पीएनपीयुटिल, जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, मग चांदणी, मग फोल्डरचा पत्ता. एंटर. बाहेरनं टाकलेले सगळे ड्रायव्हर जसेच्या तसे तिथं उतरतात. वर एक रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर विंडोज मागं नेता येईल अशी खूण. तो घेताना सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन चालू आहे का ते बघा, पुष्कळ मशिनांवर ते बंदच असतं. एवढं केल्याशिवाय धंद्याच्या चालत्या मशिनवर ड्रायव्हर टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या रोजीरोटीवर जुगार खेळणं आहे, आणि मला ह्याचा मनापासून संताप येतो.

हार्डवेअर आयडी तर कुणी बघतच नाही! प्रॉपर्टीज, डीटेल्स, हार्डवेअर आयडीज. व्हीआयडी म्हणजे बनवणारा, पीआयडी म्हणजे माल. दोन आकडे शोधले की बहुतेकदा नेमका ड्रायव्हर कळतो. ते सोडून डब्यावरचं चित्र बघून ड्रायव्हर उतरवतात, ३२ बिटचा ६४ बिटवर टाकायला बघतात आणि वर "विंडोज खराब आहे" म्हणतात.

प्रिंटरचंही तेच. पुष्कळ यूएसबी प्रिंटरच्या कागदावर ठळक लिहिलेलं असतं: आधी ड्रायव्हर, सांगेल तेव्हा केबल. हे आधी केबल खुपसतात. विंडोज स्वतःच्या मनानं काहीतरी बसवतं, मग पोर्ट बदललं की 'कॉपी १' नावाचा दुसरा प्रिंटर उगवतो, आणि दुकानदार जुन्यालाच पावत्या पाठवत राहतो. रांगेत पंधरा पावत्या अडकलेल्या, बाहेर एक नाही.

आणि ते "बंद करून चालू करा" सांगणारे! भावांनो, फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन म्हणजे पुरतं बंद नव्हे. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उठतो. ड्रायव्हर नव्यानं लोड व्हायला रीस्टार्टच लागतो. फोनवर हजारदा सांगून झालं, तरी शट डाउनच करतात.

नेटवर्कचा ड्रायव्हर उडवून मग तो नेटवरनं उतरवायला निघणारे वेगळेच. मोबाइल यूएसबीनं जोडा, टेदरिंग (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा, नेट मिळतं. डब्यात ड्रायव्हरची अजून इवलीशी सीडी येते. ती घालायला ड्राइव्ह कुठल्या नव्या मशिनला आहे? आणि विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्याची राखण करणारी सुरक्षा) चालू असली की कितीतरी जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत, तर ह्यांचा पहिला सल्ला ती सुरक्षाच बंद करा! डिजिटल सहीचा नवा ड्रायव्हर आहे का, हे आधी शोधायचं सोडून.

हीच केबल विंडोजऐवजी लिनक्स असलेल्या मशिनला लावा. कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, ड्रायव्हर आहे, टीटीवाय-यूएसबी-० ह्या नावानं उभी राहते, वापरणाऱ्याला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात) घातलं की वजन सुरू. ना सीडी, ना पॅक.

दुपारी काट्याचं वजन परत पडद्यावर आलं. अपडेटनं नवा ड्रायव्हर पुन्हा गुपचूप घुसू नये म्हणून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' मध्ये 'नो' केलंय. केबलीला आणि तिच्या पोर्टाला एकाच रंगाची चिकटपट्टी लावलीय. जुना ड्रायव्हर डी ड्राइव्हवर 'काटा' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. पुढचा जो कुणी येईल, त्यानं पेन ड्राइव्ह खिशातच ठेवावा आणि आधी ते फोल्डर उघडावं.