खुलासा : थकलेल्या वळूला टेस्टोस्टेरॉन टोचू नका

‘प्रवासाने, जागरणाने वळू मंदावला की टेस्टोस्टेरॉनचे (नर संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे) इंजेक्शन द्या’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे.

ताणात कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) वाढते, वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे, मेंदूकडून येणारे एलएच संप्रेरक घटते आणि वृषणातील टेस्टोस्टेरॉन खाली येते. बाहेरून टोचले तर रक्तातला आकडा वाढतो, पण मेंदू एलएच आणखी रोखतो. वृषणाच्या आत लागणारी पातळी रक्ताच्या कित्येक पट असते. ती घसरते, शुक्राणू कमी होतात. म्हणजे उपायानेच नुकसान!

एकाच रक्तनमुन्यावरही विसंबू नका. टेस्टोस्टेरॉन दिवसभर वरखाली होते, आणि दाव्याला ओढाताण करून बांधलेल्या जनावराचे कॉर्टिसॉल तेवढ्यानेच चढते.

गुरांची झोप तुकड्यातुकड्यांची, दिवसाकाठी जेमतेम ४ तास. गाढ स्वप्ननिद्रा तर बसून, मान कुशीवर टेकवल्यावरच लागते. म्हणून कोरडी, न घसरणारी जागा, मोकळी दोरी, रात्री दिवा बंद, सावली आणि भरपूर पाणी द्या. वळूत शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, पुढे पक्व व्हायला आणखी आठवडाभर किंवा थोडे जास्त. त्यामुळे वीर्यतपासणीतला पूर्ण फरक दोन-अडीच महिन्यांनीच दिसेल. आठवड्यात वळू बाद ठरवू नका.