पंखाच्या पुढच्या कडेवरचे फ्लॅप ब्रेक नव्हेत

मोठ्या जेट विमानांविषयीचा एक मजकूर बराच फिरला आहे. त्याचे म्हणणे असे : पंखाच्या पुढच्या कडेतून बाहेर येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, हवेला अडवून विमानाचा वेग कमी करतात, त्यांच्यामुळे पंख रुंद होतो, म्हणून उत्थापन (विमानाला वर उचलणारे बल) वाढते, त्यांच्यामागच्या फटीतून हवा कोंडून जोरात सुटते आणि पंखावरच्या मंद हवेला पुढे ढकलते, त्या बाहेर आल्या नाहीत, तर फार तर धावपट्टी थोडी जास्त लागते. यांतले पहिले विधान चूक आहे, दुसरे अपुरे आहे, तिसरे कित्येक पाठ्यपुस्तकांतही आढळत असल्याने क्षम्य आहे आणि चौथे घातक आहे.

ब्रेकची कल्पना उड्डाणाच्या वेळीच कोसळते. वेग वाढवण्याची सर्वाधिक निकड असताना कोणताही वैमानिक ब्रेक उघडे ठेवणार नाही. हे फ्लॅप मात्र उड्डाणापूर्वीच बाहेर काढावे लागतात. उलट बोइंग ७४७-४०० धावपट्टीवर टेकल्यावर वेग मारण्यासाठी इंजिनांचा उलटा जोर लावते, तेव्हा पुढच्या कडेवरचे बरेचसे फ्लॅप आपोआप मिटतात, कारण पुढे फेकल्या जाणाऱ्या झोताचा मारा त्यांना सोसावा लागू नये.

रुंदीचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण खरी गोम तिथेच आहे. समोरून येणाऱ्या हवेशी पंख जो कोन करतो, त्याला आघातकोन म्हणतात. तो वाढवत नेला की उत्थापनही वाढते. पण एका मर्यादेनंतर पंखाच्या टोकदार पुढच्या कडेला वळसा घालणे हवेला जमत नाही, ती वरच्या पृष्ठभागापासून सुटते आणि उत्थापन ढासळते. हाच स्टॉल. मागच्या कडेचे फ्लॅप त्याच कोनात जास्त उत्थापन देतात, परंतु त्याबरोबर पुढच्या कडेवरचा ताणही वाढवतात, त्यामुळे स्टॉल थोडा अलीकडे येतो. पुढच्या कडेचे फ्लॅप कोन तोच ठेवला तर उत्थापनात फारशी भर घालत नाहीत. ते कडेला खाली झुकलेला, गोलसर आकार देतात आणि पंखाला आणखी कित्येक अंशांचा कोन सोसण्याजोगा करतात. जास्तीचे उत्थापन त्या वाढीव कोनातून मिळते. ७४७ च्या पंखाखाली सपाट मिटलेली फायबरग्लासची पट्टी बाहेर येताना सांध्यांच्या रेट्याने वाकून कमानदार होते. नुसती रुंदी हवी असती, तर हा खटाटोप कशासाठी केला असता?

फटीविषयीचा गैरसमज वायुगतिकीतज्ज्ञ ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ मध्येच खोडून काढला होता. पुढच्या पट्टीभोवतीचे हवेचे अभिसरण तिच्यामागच्या मुख्य पंखाच्या नाकाशी येणारा वेग घटवते, तिथला दाब एकदम फार खाली जाऊ देत नाही, आणि म्हणून पंखावरची हवा सुटत नाही. म्हणजे ‘जोरात सुटणारी हवा’ या कल्पनेच्या नेमके उलटे! फट मुळीच नसतानाही काम होते, हे एअरबस ए३८० च्या पंखाच्या आतल्या भागात दिसते. तिथे पुढची कड तशीच खाली झुकते.

चौथ्या विधानाला उत्तर नैरोबीत मिळाले. २० नोव्हेंबर १९७४ रोजी लुफ्तान्साच्या ७४७ चे मागचे फ्लॅप उघडलेले होते, पण पुढचे फ्लॅप हलवणाऱ्या हवेच्या झडपा बंद राहिल्याने ते मिटलेलेच राहिले. विमान धावपट्टी सोडून वर गेले, थरथरू लागले आणि खाली आले. १५७ पैकी ५९ जण दगावले. धावपट्टी कितीही लांब असती तरी विमान वर उचलताना तो कोन त्या पंखाला पेलला नसता.

११ मे २००९ रोजी जोहान्सबर्गहून निघालेल्या ७४७-४०० वर, उलटा जोर सुरू झाल्याच्या खोट्या संकेतामुळे, वर सांगितलेली आपोआप मिटण्याची यंत्रणा जमीन सोडता सोडताच कामाला लागली. स्टॉलचा इशारा देत नियंत्रणदांडी हादरू लागली, तेव्हा वैमानिकांनी नाक नेहमीपेक्षा खाली ठेवून विमान संथपणे चढवत नेले. फ्लॅप पुन्हा बाहेर आले आणि विमान सुखरूप परतले.