आपला विश्वासू, अमित/अमिता

दिवाळीची सुट्टी सगळ्यांना असते. सहामाहीचा गठ्ठा ज्याच्या घरी आला त्याला सोडून. माझ्याकडे दहावी 'ब'चे 62 पेपर आहेत. इंग्रजीचे, 80 गुणांचे. उरलेले 20 गुण तोंडीबिंडीचे. ते मी आधीच वाटून टाकलेत, कारण छंद विचारल्यावर 41 जणांनी 'रीडिंग' सांगितलं आणि माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं.

खरी परीक्षा पत्रलेखनात. माझी. प्रश्नात छापलेलं असतं, तुम्ही अमित/अमिता आहात. मुलगा असेल तर अमित, मुलगी असेल तर अमिता. हे जूनपासून चार वेळा सांगून झालं. तरी 37 पत्रांखाली सही आहे 'अमित/अमिता', मधल्या तिरक्या रेघेसकट. आता नियमाने सगळं डावीकडून लिहायचं. पण ज्यांच्या घरी थोरल्या भावाची वही शिल्लक आहे ते पत्ता उजवीकडे लिहितात, आणि ज्यांनी दोन्ही ऐकलंय ते पानाच्या मधोमध.

2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे ही पोरं दहावं वर्ष इंग्रजी शिकतायत. एकीने 'मला राग आला'चं 'अँगर केम टू मी' केलंय. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. आमच्या घरी राग असाच येतो, चपला न काढता. पण उत्तरसूचीला हे कसं पटवणार? कापला अर्धा गुण.

गावाला वाटतं, इंग्रजीचा सर म्हणजे जाताना साहेबाने मागे ठेवलेला माणूस. फवारणीच्या डब्यावरची बारीक अक्षरं, विम्याचे कागद, मोबाइलवरचे मेसेज, सगळं माझ्याच ओट्यावर येतं. काल 43व्या पेपराला त्या पोराचेच वडील आले. हातात बँकेचं इंग्रजी पत्र.

"सर, काय म्हणत्यात बघा जरा."

वाचलं. दुसऱ्या वाक्यात क्रियापद सापडेना. पेन हातात धरून पुन्हा वाचलं. चहा घेऊन आलेल्या बायकोनेही वाचलं.

"हप्ता थकलाय," शेवटी मी म्हणालो.

"ते म्हाईत हाय. बाकीचं काय लिवलंय?"

बाकीचं मलाही लागलं नव्हतं. कागद परत देताना दिसलं, वरच्या कोपऱ्यात मी लाल पेनाने 'दिनांक नाही' लिहून बँकेचा अर्धा गुण कापला होता. त्यांनी तो लाल आकडा नीट निरखला.

"अर्धाच व्हय?"